सर्वांच्या हातातला खेळ

व्हिडिओ गेमच्या बाजारपेठेत ग्राहकांचे ढोबळमानाने दोन वर्ग मानले जातात. पहिला वर्ग कट्टर, कसलेल्या खेळाडूंचा. नवे यंत्र बाजारात आले की त्याचा प्रोसेसर किती वेगवान, चित्रे किती रेखीव, खेळ किती अवघड याची तो बारकाईने चिकित्सा करतो. एकेका खेळापायी रात्री जागवतो आणि त्यासाठी हात सैल सोडून पैसेही मोजतो. दुसरा वर्ग सहज, गंमत म्हणून खेळणाऱ्यांचा. गाडी येईपर्यंतची दहा मिनिटे, जेवणानंतरचा निवांत अर्धा तास एवढीच त्याची मागणी असते. तो स्वतःला खेळाडू म्हणवूनही घेत नाही. पहिल्या वर्गाचा आवाज मोठा, तर दुसऱ्याची संख्या मोठी. यंत्र यांपैकी कोणासाठी बनवायचे, हा प्रश्न या उद्योगाला जन्मापासून सतावत आला आहे. त्याचे उत्तर सामान्य माणसाच्या बाजूने देण्यात ज्याने सारी हयात घालवली, असा अभियंता म्हणून जपानच्या गुनपेई योकोई यांचे नाव घ्यावे लागते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून विद्युतशास्त्राची पदवी घेऊन ते १९६५ मध्ये निन्टेन्डो कंपनीत रुजू झाले. आज निन्टेन्डो म्हटले की मारिओ डोळ्यांपुढे येतो. त्या काळी मात्र ही कंपनी पत्ते बनवत असे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा मूळ व्यवसाय म्हणजे फुलांची चित्रे असलेले हानाफुदा हे पारंपरिक जपानी पत्ते. ते पत्ते छापणाऱ्या, कापणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे हे नव्या अभियंत्याचे काम होते. यंत्रे सहसा बिघडत नसत, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर असे. त्या रिकाम्या वेळात योकोई यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे तयार केले. कैचीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्यांचा तो एक लांबणारा हात होता. मुठी जवळ आणल्या की तो पुढे झेपावे आणि दूरची वस्तू पकडून आणी.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची यांच्या नजरेस हा प्रकार पडला. कामाच्या वेळेत खेळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावणे आले, तेव्हा आता कानउघाडणी होणार असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. यामाऊचींनी मात्र ते खेळणे विक्रीसाठी तयार करण्याचा हुकूम दिला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. देखभाल विभागातला तरुण त्यानंतर खेळणी विभागात गेला आणि पत्त्यांच्या कंपनीची दिशाच बदलली.

पुढील काही वर्षांत योकोई यांनी केलेली खेळणी पाहिली की त्यांच्या विचारांची ठेवण लक्षात येते. १९६९ चे ‘लव्ह टेस्टर’ घ्या. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि मोकळ्या हातांनी यंत्राला जोडलेले दोन गोळे पकडायचे. शरीरातून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजून यंत्राचा काटा त्या दोघांच्या प्रेमाचे माप दाखवी. विजेचा प्रवाह मोजण्याचे साधन शाळेच्या प्रयोगशाळेतही असते. त्यातून हात हाती घेण्याचे निमित्त निर्माण करणे ही खरी कल्पकता होती. मुलींचा हात धरता यावा म्हणूनच आपण हे खेळणे शोधून काढले, असे ते पुढे मिस्कीलपणे सांगत. १९७२ मध्ये आलेली ‘लेफ्टी’ ही दूरनियंत्रित मोटार तर त्यांच्या पद्धतीचा वस्तुपाठच ठरावी. अशा मोटारी तेव्हा फार महाग असत. योकोईंची मोटार फक्त डावीकडे वळे. गोलाकार मार्गावरच्या शर्यतीला एवढे पुरेसे होते आणि नियंत्रणाची यंत्रणा निम्म्यावर आल्याने किंमतही आवाक्यात आली.

यामागचे सूत्र योकोई यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. ज्या तंत्रज्ञानाचे नावीन्य ओसरले आहे, जे सर्वत्र मिळते, स्वस्त झाले आहे आणि ज्याचे गुणदोष पूर्णपणे कळले आहेत, असे जणू कोमेजलेले तंत्रज्ञान निवडायचे आणि सरळ रेषेत पुढे न जाता आडवाटेने विचार करून त्याचा कोणालाही न सुचलेला उपयोग शोधायचा. अद्ययावत तंत्रज्ञानाच्या मागे धावणाऱ्या क्षेत्रात हा विचार उलट्या गंगेसारखा होता. मात्र तो काटकसरीपुरता नव्हता. वस्तू स्वस्त झाली की ती विकत घेताना माणसाला फार विचार करावा लागत नाही, आणि फार विचार न करता घेणारा माणूस हाच सहज खेळणारा ग्राहक असतो, हे त्यात गृहीत होते.

या मार्गावर ठेचाही लागल्या. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे घट प्रकाशबंदुकीच्या निशाण्यात बसवण्याची कल्पना योकोई आणि शार्प कंपनीतून आलेले मासायुकी उएमुरा यांनी साकारली. प्रथम ती खेळण्यांत उतरली. पुढे १९७३ मध्ये ओस पडू लागलेल्या बोलिंगच्या सभागृहांत प्रकाशबंदुकीने नेमबाजी करण्याचे मोठे केंद्र उभारण्याचा घाट घातला गेला. सुरुवात धडाक्यात झाली, पण त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकट कोसळले. मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जाच्या खाईत गेली. मोठ्या गुंतवणुकीची करमणूक किती ठिसूळ असते, याचा हा कडू अनुभव होता.

योकोईंच्या पुढच्या यशाची कथा बुलेट ट्रेनच्या डब्यात सुरू होते. प्रवासात त्यांना एक नोकरदार गृहस्थ कंटाळून खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला दिसला. आकडेमोड करायची नव्हती, केवळ वेळ घालवायचा होता. अशा माणसाला चारचौघांत संकोच न वाटता खेळता येईल, असे हातात मावणारे यंत्र करता येईल काय, हा विचार योकोईंच्या मनात आला. पुढे एकदा यामाऊचींचा चालक आजारी असल्याने त्यांची मोटार चालवण्याचे काम योकोईंवर आले. वाटेत त्यांनी ही कल्पना सहज बोलून दाखवली. ज्या बैठकीला ते निघाले होते, तिथे यामाऊचींच्या शेजारी योगायोगाने शार्पचे अध्यक्ष बसले होते. कॅल्क्युलेटरच्या बाजारात शार्प आणि कॅसिओ यांचे दरयुद्ध पेटले होते आणि त्यापायी द्रव स्फटिकांचे पडदे म्हणजेच एलसीडी अत्यंत स्वस्त झाले होते. कोमेजलेले तंत्रज्ञान आयतेच समोर आले.

१९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला खेळ विक्रीस आला. एका यंत्रात एकच खेळ, कडेला बारीकसे घड्याळ आणि दोन अंगठ्यांनी दाबायची बटणे. हे यंत्र मांडीवर धरून दोन तळव्यांत जवळपास झाकता येई. मोठ्या माणसाला लाज वाटू नये, यासाठीची ही योजना होती. प्रत्यक्षात मुलांनीही त्यावर उड्या टाकल्या. पुढील अकरा वर्षांत या मालिकेतील यंत्रांची विक्री चार कोटींवर गेली. १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ या मालिकेत आणताना एक अडचण उभी राहिली. चार दिशांना फिरवायची उभी दांडी घडी होणाऱ्या यंत्रावर बसवता येईना. योकोईंनी तिच्या जागी अधिक चिन्हाच्या आकाराचे चपटे बटण बसवले. न पाहता केवळ अंगठ्याच्या स्पर्शाने दिशा कळणारी ही फुली पुढे घरगुती कन्सोलच्या नियंत्रकावर गेली आणि बहुतेक सर्व कंपन्यांनी या ना त्या रूपात तिचा स्वीकार केला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत टीव्हीला जोडून मारिओ खेळायची जी स्वस्त यंत्रे आली, ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या नियंत्रकावर डाव्या हाताला असलेली फुली ही मुळात योकोईंचीच.

‘डाँकी काँग’चा मूळ खेळ १९८१ मधला. तो शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने घडवला आणि त्याच्यावर देखरेख होती योकोईंची. तरीही योकोईंना केवळ हलक्याफुलक्या खेळांचे पुरस्कर्ते समजणे चुकीचे ठरेल. १९८६ चा ‘मेट्रॉइड’ आणि १९९० चा ‘फायर एम्ब्लेम’ हे खेळ त्यांच्याच निर्मितीखाली आले. एकात अंधाऱ्या परग्रहावरची वाट खेळाडूने स्वतः हुडकायची, तर दुसऱ्यात बुद्धिबळासारखे डाव रचायचे आणि एकदा गमावलेला योद्धा कायमचा गमवायचा. कट्टर खेळाडू आजही या दोन्ही मालिकांवर जीव टाकतात. खेळ कितीही खोल असो, यंत्राच्या दारात उभे राहायलाच पदवी आणि पैसा लागू नये, एवढाच योकोईंचा आग्रह होता.

या आग्रहाची खरी परीक्षा १९८९ मध्ये झाली. त्या वर्षी २१ एप्रिलला जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीस आला. किंमत साडेबारा हजार येन. पडदा हिरवट, रंगाच्या चारच छटा, मागे प्रकाशही नाही. त्याच वर्षी अटारीने अमेरिकेत रंगीत पडद्याचा ‘लिंक्स’ आणला आणि पुढच्या वर्षी सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ आला. कागदावर तुलना केली तर गेम बॉय कुठेच उभा राहत नव्हता. सेगाने तर जाहिरातींतून त्याच्या बेरंगी पडद्याची यथेच्छ खिल्ली उडवली. प्रतिस्पर्धी यंत्राचा पडदा रंगीत असल्याचे कळताच योकोई उलट निश्चिंत झाले, असे सांगितले जाते. कारण रंगीत पडद्याची भूक त्यांना ठाऊक होती. लिंक्स आणि गेम गिअर ही यंत्रे सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत फस्त करीत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चाले. अमेरिकेत लिंक्सची किंमत सुमारे १८० डॉलर, तर गेम बॉयची ९० डॉलर होती. मुलाला वाढदिवसाची भेट देणाऱ्या पालकांना आणि दर आठवड्याला सेल विकत घेणाऱ्या घराला हा हिशेब चटकन कळला.

गेम बॉयचे सारे श्रेय एकट्या योकोईंना देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. त्यांचा कल गेम अँड वॉचच्या धर्तीवरील अधिक साध्या, अधिक स्वस्त खेळण्याकडे होता. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी मात्र खेळ बदलता येतील आणि अनेक वर्षे टिकेल अशा दमदार यंत्राचा आग्रह धरला. दोघांत खटके उडाले आणि अखेरीस ओकादांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य झाले. म्हणजे ज्या यंत्राला आपण सहज खेळणाऱ्यांचा विजय मानतो, त्यातही दोन विचारांची तडजोड होती. किंमत, सेल आणि पडदा सामान्यांच्या बाजूने, तर बदलता येणारी कार्ट्रिजे आणि दोन यंत्रे जोडणारी केबल मुरलेल्या खेळाडूंच्या बाजूने. या तडजोडीतच गेम बॉयच्या दीर्घायुष्याचे रहस्य दडले आहे.

अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला. मॉस्कोतील संगणकतज्ज्ञ अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केलेल्या या खेळाला ना कथा, ना नायक, ना भाषा. वरून पडणारे ठोकळे नीट रचायचे, एवढाच नियम. ज्यांनी आजवर कधी व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, अशी मोठी माणसेही त्यात रमली. आपल्याकडे खरा गेम बॉय फारसा पोहोचला नाही. पण त्याच दशकात ठोकळ्यांचे खेळ असलेली चिनी बनावटीची हातातली स्वस्त यंत्रे इथल्या बाजारपेठांत आली, तेव्हा घरातली मुले आणि त्यांचे आजोबा यांच्यात त्यासाठी झालेली ओढाताण अनेकांना आठवत असेल. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगभरात ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला आणि लिंक्स तर त्याच्याही कितीतरी मागे राहिला.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला वारे फिरले. सोनीचे प्लेस्टेशन आणि सेगाचे सॅटर्न १९९४ च्या अखेरीस जपानमध्ये आले आणि किती बिटचा प्रोसेसर यावरच यंत्राची लायकी ठरू लागली. खेळ दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होत होते. नव्या कल्पनांचा दुष्काळ आता चित्रांच्या झगमगाटाने झाकला जात आहे आणि त्यामुळे नवखा माणूस या खेळांपासून दुरावत आहे, असे योकोईंना वाटू लागले. त्यांचे उत्तर होते ‘व्हर्च्युअल बॉय’. डोळ्यांना लावून आत त्रिमिती दृश्य दाखवणारे हे यंत्र जुलै १९९५ मध्ये आले. दृश्यासाठी लाल रंगाचे प्रकाशक डायोड वापरले होते, कारण ते स्वस्त होते आणि वीजही कमी खात. सूत्र तेच जुने होते. फळ मात्र वेगळे निघाले.

हे यंत्र नीट हातात धरता येत नव्हते आणि डोक्यावरही घालता येत नव्हते. टेबलावर तिकाटण्यासारख्या आधारावर ठेवून त्यात वाकून पाहावे लागे. लाल-काळ्या दृश्याने डोळे शिणत, डोके दुखे. लहान मुलांनी ते वापरू नये, अशी सूचना खुद्द कंपनीनेच दिली होती. शिवाय खेळणाऱ्याला काय दिसते आहे हे शेजाऱ्याला कळत नसल्याने दुकानात पाहणाऱ्यालाही त्याची मोहिनी पडेना. कट्टर खेळाडूला ते दुबळे वाटले आणि सहज खेळणाऱ्याला गैरसोयीचे. अवघे बावीस खेळ आणि आठ लाखांहून कमी यंत्रे एवढ्यावर वर्षभराच्या आतच हा अध्याय आटोपला. ज्या अभियंत्याने प्रवाशाच्या तळव्यात मावणारे यंत्र घडवले, त्यानेच माणसाला एका जागी खिळवून जगापासून तोडणारे यंत्र आणावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. तंत्रज्ञान स्वस्त असले म्हणजे ते आपोआप सर्वांचे होत नाही, हा या अपयशाचा धडा होता.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडले. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असा बोलबाला झाला. स्वतंत्र होण्याचा विचार फार पूर्वीपासून मनात होता, असे त्यांचे स्वतःचे सांगणे होते. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची अधिक आटोपशीर आणि सुस्पष्ट पडद्याची ‘पॉकेट’ आवृत्ती पूर्ण केली, यातून त्यांची कामावरची निष्ठा दिसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सात वर्षांच्या जुन्या, बेरंगी गेम बॉयसाठी ‘पोकेमॉन’ आला होता. केबल जोडून मित्राशी प्राण्यांची देवाणघेवाण करण्याच्या या खेळाने म्हातारे म्हणून मोडीत काढलेले यंत्र पुन्हा तरुण केले.

योकोईंनी क्योटोमध्ये ‘कोतो’ नावाची छोटी संस्था स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या यंत्राच्या आखणीस हात घातला. एकाच पेन्सिल सेलवर चालणारे, आडवे आणि उभे दोन्ही प्रकारे धरता येणारे हे यंत्र होते. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीची एका ट्रकला मागून धडक बसली. काय नुकसान झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले असता मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली. त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांचे वय होते अवघे ५६. ‘वंडरस्वान’ हे ते यंत्र मार्च १९९९ मध्ये ४,८०० येन या किमतीला आले. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला योकोईंच्या स्मरणार्थ ‘गुनपे’ हे नाव देण्यात आले.

योकोईंच्या विचाराचा पुढचा प्रवास त्यांच्या पश्चात घडला. २००२ मध्ये निन्टेन्डोची सूत्रे सातोरू इवाता यांच्याकडे आली. मायक्रोसॉफ्ट आणि सोनी ही दोन बलाढ्य घराणी कट्टर खेळाडूंसाठी अधिकाधिक शक्तिशाली यंत्रे आणत असताना निन्टेन्डोने २००६ मध्ये ‘वी’ हे कन्सोल आणले. त्याची शक्ती कंपनीच्या आधीच्याच यंत्राहून थोडी अधिक होती. पण टीव्हीसमोर हात हलवला की पडद्यावर टेनिसचा चेंडू टोलवला जाई. आजी-आजोबांनाही ते खेळता येऊ लागले. दहा कोटींहून अधिक ‘वी’ विकली गेली आणि प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० ही दोन्ही यंत्रे मागे पडली. ‘गेम अँड वॉच’मधील दुहेरी पडद्याची आठवण करून देणारा निन्टेन्डो ‘डीएस’ तर पंधरा कोटींच्या पुढे गेला.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. सहज खेळणारा ग्राहक जसा सहज येतो तसाच सहज जातोही. अनेक घरांत ‘वी’सोबत आलेला एक खेळ खेळला गेला आणि यंत्र कपाटात गेले. कट्टर खेळाडू मात्र वर्षानुवर्षे नवे खेळ विकत घेत राहतो. दरम्यान स्मार्टफोन आला आणि गाडीतल्या त्या कंटाळलेल्या प्रवाशाला दहा मिनिटांसाठी वेगळ्या यंत्राची गरजच उरली नाही. २०१२ मध्ये आलेले ‘वी यू’ एक कोटी ३५ लाखांच्या आसपास अडखळले. २०१७ च्या ‘स्विच’ने पुन्हा तोल साधला. त्याची चिप अन्यत्र आधीच वापरात असलेली, पण खेळ दोन्ही वर्गांना पुरतील असे. पंधरा कोटींहून अधिक विक्री झालेल्या या यंत्रात योकोई आणि ओकादा यांच्यातला जुना वाद जणू पुन्हा एकदा समेटाला आला.

२००३ मध्ये खेळ घडवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने योकोईंना मरणोत्तर जीवनगौरव सन्मान दिला. त्यांचे नाव मारिओइतके जगाला ठाऊक नाही. परंतु खेळण्यासाठी आधी खेळाडू असावे लागत नाही, ही गोष्ट या उद्योगाला पटवून देणाऱ्यांत त्यांचा मान पहिला आहे. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना मोबाइलवर अंगठा फिरवणाऱ्या चाकरमान्याला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या जातकुळीतल्या एका कंटाळलेल्या प्रवाशाकडे योकोईंनी मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या जपानी आगगाडीत अगदी निरखून पाहिले होते.